चार प्लग दिवाईपर्यंत

हे मी लिहिणारच नव्हतो. दोन खेप बसलो आन् दोन खेप उठलो. लिहिलं त मामाचं नाव जाते, मामीचं जाते, आन् सगळ्यात जास्त मायं जाते. पण पोटात ठेवून ठेवून आता घास गिळत नाही. म्हणून तोंडानं सांगाच्या आंधी लिहून राहिलो.

माया बाप साप लागून मेला तवा मी चार वर्षाचा होतो. माय मले घेऊन भावाकडं आली आन् दोन वर्षात तीही गेली. तवापासून मी मामाच्या घरी. मामा म्हणजे सूर्यभान पाटील. हिवरखेडपासून दोन कोसावर आमचं गाव. सत्तर एकर काळी जमीन, आन् पंचक्रोशीत एकच मोटर, मामाची जीप. मिल्ट्रीच्या निलामातली. स्टेरिंग डाव्या अंगाले. रंग हिरवा, पण जिथी खरवडलं तिथी खालून दुसरा हिरवा निघे.

मामानं जीप आणली साठ साली. पयल्या महिन्यात तो तिच्यात बसून अकोल्याले गेला, तेल्हाऱ्याले गेला, पाहुण्याइकडं गेला. मंग मिरवून झालं, आन् मामानं तिले बैलाच्या कामाले लावलं. मागं ट्रॉली जोडली. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात फवाऱ्याचं पाणी न्या, भुईमुगाचे पोते आणा, कडबा आणा. नाल्यातून, धुऱ्यावरून, गुडघाभर चिखलातून. दिवसभर खालचा गेर. इंजन वरडे आन् गाडी मुंगीवाणी चाले.

चालवे जानराव. लढाईच्या काळात तो मिल्ट्रीत डायवर होता, मंग घरी आला. छप्पन्न साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. त्याचा पोरगा शाळेत धर्मा होता, वापस आल्यावर बापानं मास्तरले सांगून धर्मपाल लिहून घेतलं. धर्मपाल आन् मी हिवरखेडच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी सातवीत सोडली, तो मॅट्रिक झाला. तरी सांजच्याले आम्ही नाल्याच्या पुलावर बसतच होतो.

आता प्लगचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

जीपले चार प्लग. अंगठ्याएवढे, वर पांढरी चिनीमाती, खाली लोखंड, आन् टोकाले उलशीक वाकडी दांडी. त्या दांडीखाली ठिणगी पडते आन् इंजन चालते. जानराव दर चौथ्या दिवशी चारही प्लग काढे. पेट्रोलात भिजवलेल्या चिंधीनं पुसे, तारेच्या ब्रशनं काळं काढे. मंग दाढीच्या सात ब्लेडा एकावर एक ठेवून त्या दांडीखाली सरकवे. सात ब्लेडा घट्ट गेल्या त ठीक. ढिल्या गेल्या त पान्ह्यानं दांडी हळूच ठोके. कितीही घाण झाले तरी पाणी लावू देत नव्हता.

एवढं करूनही प्लग महिना-सव्वा महिन्यात जात. मामाले ते पटे नाही.

"अकोल्याचा दुकानदार म्हणे दहा हजार मैल चालतात," मामा ओसरीवरून बोले. "तू महिन्यात खातं कसा?"

"सडकीवर चालतात, पाटील."

"मंग आपली गाडी काय आकाशात चालते?"

"वावरात चालते. दुकानदार मैलानं मोजते. आपली गाडी दिवसभर चालू राहते आन् दोन मैल जाते. वरून हिच्या इंजनातल्या रिंगा घासल्या, तेल वर चढते. पाहा हे, कसा काळा वला झाला."

जानराव प्लग पुढं करे. मामा हातात घेत नव्हता. दुरूनच पाहे आन् म्हणे, "मले काय समजते त्याच्यात. तुले समजते म्हणून त तू खेळवतं."

बैलाच्या सणाले, पोयाच्या दिवशी, मामानं नवे चार प्लग आणले. आधी कानशीनं एकेकावर खूण केली, मंग बैल आंघोळीहून आले तवा साऱ्या गड्याइसमोर ते जानरावच्या हातावर वरून टाकले.

"हे दिवाईपर्यंत चालले पाहिजेत. त्याच्या आंधी गेले त समजीन का तू चांगले विकतं आन् जुने घालतं. मंग तुया रस्ता तुले मोकया."

गडी खाली पाहाले लागले. जानरावनं चारही प्लग फडक्यात बांधले.

"दिवाईपर्यंत चालवतो," तो म्हणला.

पोयापासून दिवाईपर्यंत साठ दिवस होते. मी पुलावर धर्मपालले विचारलं, "चालतीन का बे?"

"बाबा म्हणते, बेचाळीस दिवसावर एकही चालला नाही आजपर्यंत. पण रोज काढीन म्हणते, रोज पुसीन."

आन् त्यानं तसंच केलं. दिवसभर जीप चालवायची, सांजच्याले इंजन थंड झालं का प्लग काढायचे. गोठ्याच्या भिंतीले टेकून, मांडीवर फडकं पसरून बसे. पेट्रोलानं त्याच्या बोटाची सालं निघाली होती. बायको पंचफुला भाकर घेऊन येई आन् तो हात न धुता बसून राही, तवा ती म्हणे, "जेवा आंधी. ते काय लेकरं आहेत का तुमचे?" तो म्हणे, "लेकराइचीच भाकर आहे ते."

उतारावर तो इंजन बंद करे. नांगरटीच्या वावरात ट्रॉली अर्धीच भरू दे, दोन खेपा जास्त मारे. मामा बोंबले, हा ऐकून घे. पस्तीस दिवस झाले, प्लग चालत होते. जानरावच्या चेहऱ्यावर मी पयल्यांदा उलसं हसू पाहिलं.

मंग दसरा आला.

दसऱ्याले त्याइचा नागपूरले दीक्षेचा दिवस. जानराव दर सालीच जाये. त्यानं दोन दिवसाची सुटी मांगली. मामानं आढेवेढे घेतले, "दसऱ्याले मले गाडी लागते" म्हणला, मंग म्हणला, "जा. मी सोता चालवीन, काही अडत नाही तुयावाचून." खांडेनवमीच्या सकाळी जानरावनं प्लग पुसले, ब्लेडा सरकवून पाहिल्या, बसवले. मले म्हणला, "नत्थूबाबू, चांगले आहेत. पाटलाले म्हणा, नाल्यात दाबून नका मारू." आन् पंचफुला, धर्मपालले घेऊन, पांढरे कपडे घालून अकोल्याच्या गाडीसाठी पायी निघाला.

खांडेनवमीले आमच्या घरी हत्याराची पूजा राहते. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, तिफणीचे फण, सारं घासून पाटावर मांडतात. मामी, गोदाबाई, आंगणात राखेचं टोपलं घेऊन बसली होती. मले हाक मारली.

"नत्थू, जीपीचं काही आण ना पूजेले. ते एवढं धूड त घरात येत नाही."

"काय आणू?"

"तेच, तो जान्या रोज काढून पुसत बसते ते."

मी पान्हा घेतला आन् चारही प्लग काढून आणले. हे मीच केलं. कोणी जबरदस्ती केली नाही. मले तवा मजा वाटली, का मलेही काढता येतात.

मामीनं प्लग हातात घेतले नाही. "ठेव तठी दगडावर," म्हणली. आत गेली, गोमूत्राचा गडवा घेऊन आली आन् त्याच्यावर शिंपडलं. मंग चुलीवरचं आधणाचं पाणी ओतलं, सोडा टाकला.

"मामी, पाणी नको लावू. जानराव पाणी लागू देत नाही त्याले."

"तो सांगीन आन् मी ऐकीन?" मामी म्हणली. "सव्वा महिना झाला ते त्याच्या हातात आहेत. तसेच ठेवू का देवापुढं? उद्या सोनं वाटाले तेच गाडीत घेऊन जातीन. धुतल्याबिगर नाही चालत."

मंग तिनं चिंच आन् राख घेऊन भांडे घासतात तसे ते घासले. चकचक झाले. आत, चिनीमाती आन् लोखंडाच्या मधात जी बारीक फट राहते, तिच्यात वली राख गच्च बसली. टोकाची दांडी तिले वाकडी वाटली. "हे पाहा, वाकवून ठेवलं मेल्यानं," म्हणली, आन् दोन प्लगाची दांडी विळ्याच्या मुठीनं ठोकून चपटी केली. मंग तिळाचं तेल लावलं, हळद-कुंकू लावलं, पाटावर विळ्याच्या बाजूले मांडले. झेंडूचं फूल वाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी मी ते पुसून बसवले. ब्लेडा सीटखालच्या डब्यात होत्या. मी काढल्या नाही. वाटलं, एवढ्यानं काय होते.

जीप मोठ्या मुश्किलीनं चालू झाली. खोकली, काळा धूर सोडला, तीनदा बंद पडली. मंग एक-दोन प्लगवर कशीबशी चालाले लागली. मामानं धोतर-कोट घातला होता, डोक्यावर फेटा. बाजूले तालुक्याचा साहेब, मागं गावचे पंच. आपट्याचं झाड नाल्याच्या पल्याड, शिवेवर. सारं गाव वाजत-गाजत पायी, आन् मामा पुढं जीपीत.

नाल्याच्या मधोमध जीप बंद पडली.

मामानं स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. साहेबाचे बूट चिखलात गेले. पंच धोतरं वर धरून उतरले. काठावर बाया-पोट्टे उभे होते. मंग शेजारच्या वावराचा देवमन आपली बैलजोडी घेऊन आला. देवमनचं आन् मामाचं धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, सात वर्षापासून बोलणं नव्हतं. त्यानं बैल जुंपले, दोर बांधला आन् साऱ्याइले ऐकू जाईन असं म्हणला, "पाटील, पेट्रोलापरीस कडबा सस्ता पडते हो!"

सारं गाव हसलं. साहेबही हसला. मामा स्टेरिंग धरून बसला होता, बैल जीप वढत होते. सोनं वाटाले मामा गेला नाही. घरी येऊन त्यानं फेटा कोपऱ्यात फेकला.

मी त्याच्या समोर उभा होतो. तवाच सांगाले पाहिजे होतं. मामी दारातून मायाकडं पाहत होती. मी गोठ्यात निघून गेलो. रात्री तिनं मले पोळीवर तूप जास्त वाढलं. मी खाल्लं.

तिसऱ्या दिवशी जानराव आला. खांद्यावर निळं निशाण, हातात बाबासाहेबाची तसबीर. घरी न जाऊ देता मामानं त्याले चावडीपुढं बोलावलं. पंच बसले होते. गाव जमलं.

"जाच्या आंधी काय करून गेला तू जीपीले?"

"काही नाही पाटील. चांगली चालू ठेवून गेलो."

"तुमच्या दिवशी आमची गाडी बंद पडते. तुले वाटलं, पाटलाची फजिती करू. हाव का नाई?"

जानराव जीपीकडं वळला. जीप बाजूलेच उभी होती. त्यानं खिशातून पान्हा काढला, एक प्लग काढला. टोक पाहिलं. कानशीची खूण तशीच होती, पण मामानं ती पाहिलीच नाही. अंगठ्यानं फटीतली राख काढून पाहिली. मंग नाकाले लावला. तिळाचं तेल. हळदीचा पिवळा डाग चिनीमातीले तसाच होता.

त्यानं मान वर केली आन् सरळ मायाकडं पाहिलं. जास्त वेळ नाही. मी खाली पायाकडं पाहाले लागलो. त्यानं प्लग बोनेटवर ठेवला.

"बोल ना," मामा वरडला.

"मी गेलो तवा चांगले होते," जानराव म्हणला. "एवढंच सांगतो."

"झडती घ्या याच्या घराची."

दोघं गडी गेले. पंचफुला त्याइच्या मागं मागं आली, "काय नेता, काय नेता" म्हणत. गड्याइच्या हातात बिस्कुटाचा पत्र्याचा डबा होता. मामानं तो उलटा केला. बारा जुने प्लग धुळीत पडले. प्रत्येकाले दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती.

"पाहा! पाहा पंच! घरात दुकान मांडलं यानं!"

"चिठ्ठ्या वाचा, पाटील," जानराव म्हणला. "कोणता कवा बसवला, कवा काढला, लिहून आहे. तुम्ही रोज म्हणता किती दिवस टिकतात, म्हणून पोराकडून लिहून घेतलं."

मामाले वाचता येत होतं, पण चष्मा घरी होता. त्यानं एक प्लग पायानं मायाकडं ढकलला. "नत्थ्या, वाच."

मी वाचलं. धर्मपालचं अक्षर मले वळखू येत होतं. "बसवला बारा मार्च. काढला तेवीस एप्रिल. बेचाळीस दिवस."

"दुसरा."

"बसवला एक जून. काढला पाच जुलै. चिखल. चौतीस दिवस."

माया तोंडातून एवढं निघालं. पुढचं निघालं नाही. साऱ्या गावाचं ध्यान मायाकडं होतं. तवा मी एक वाक्य बोललो असतो त झालं असतं. मले वाटलं, मामा घरातून काढीन, मंग मी जाऊ कुठी. खरं सांगतो, एवढंच वाटलं.

"याच्याच पोट्ट्यानं लिहिलं," मामा म्हणला. "लिहाले काय, शंभर दिवसही लिहीन. दिवाईपर्यंत म्हणला होता, चाळीस दिवसात गेले. पंच, चोर ठेवाचा का गाडीवर?"

पंच काही बोलले नाही. म्हणजे निकाल झाला.

पंचफुला खाली बसली आन् धुळीतले प्लग एकेक वेचून पदरात घ्याले लागली. मामाच्या पायाजवळचा एक राहिला होता. मामानं पाय हलवला नाही. जानराव म्हणला, "राहू दे वं तो. चाल."

दिवाईत जानरावच्या घरी काय पेटलं मले माहीत नाही. तो वरूडले गेला, संत्र्याच्या ट्रकाइवर काम भेटते म्हणून. पण ट्रकवाले विचारत, पयले कोणाकडं होता, आन् चोरीची गोष्ट त्याच्या आंधी पोचलेली राहे. आठ दिवसानं पायी वापस आला. मंग नवरा-बायको सडकीच्या कामाले लागले, गिट्टी फोडाले.

मामानं अकोटचा एक डायवर ठेवला, आपल्याच जातीतला, पाहुण्याचा पाहुणा. नवे चार प्लग घातले. एकतिसाव्या दिवशी गेले. मी ओसरीवर होतो. डायवरनं काळे प्लग दाखवले, आन् मामा म्हणला, "हाव, वावरातली गाडी. एवढंच चालतात ते." जेवत होता, हात बी थांबला नाही.

मले त्या दिवशी पयल्यांदा मामाची शिसारी आली. मंग माया सोताची.

माघात एक दिवस मी, मामा आन् तो डायवर अकोटच्या सडकीनं येत होतो. दुपार. जीप ढकढक करून थांबली. डायवरनं बोनेट उघडलं, याले हात लाव, त्याले हात लाव. काही समजेना. शंभर पावलावर गिट्टीचे ढीग होते आन् तिथी जानराव हातोडा घेऊन बसला होता. पायाले जुन्या टायराच्या पट्ट्या बांधलेल्या. डोळ्याच्या खाली गिट्टी उडून चीर पडली होती. बाजूले पंचफुला.

मामा बराच वेळ उन्हात उभा राहिला. मंग मले म्हणला, "जा, त्याले बोलाव. म्हणा, पाटलानं बोलावलं."

मी गेलो. "जानरावकाका," म्हणलं. काका मी त्याले कधी म्हणलं नव्हतं.

तो उठून आला. जीपीपासून चार हात दूर उभा राहिला. बंद गाडीकडं नुसतं पाहिलं, कान देऊन दोन स्टार्टर ऐकले.

"दोन नंबरचा प्लग गेला, चौथाही जाईन आता," म्हणला.

"मंग काढून पूस ना," मामा म्हणला. "तुले येते ते. झालं गेलं सोड."

जानरावनं आपले हात पाहिले. पांढरे झाले होते धुळीनं, बोटं फाटलेली.

"नाई पाटील. माया हात लागला त घरी नेऊन धुवा लागतात ते. मंग नाल्यात बंद पडतात."

मामाले काही समजलं नाही. "येडा झाला गिट्टी फोडून," म्हणला आन् डायवरवर वरडाले लागला. जानराव माघारी फिरला. जाताना मायाकडं पाहिलंही नाही. पंचफुलानं पाहिलं. ती हातोडा तसाच धरून बसली होती.

सांजच्याले मी पुलावर गेलो. धर्मपाल तिथी होता. दसऱ्यापासून आम्ही बोललो नव्हतो. मी सारं सांगितलं, पान्ह्यापासून झेंडूच्या फुलापर्यंत.

"झालं?" म्हणला.

"हाव."

"बाबाले त्याच दिवशी समजलं. घरी येऊन मायले सांगितलं, गोदाबाईनं धुतले, नत्थूबाबूनं काढून दिले."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलतीन? चारशे माणसात सांगतीन का, का आपला हात लागला म्हणून पाटलीणबाईनं गोमूत्र शिंपडलं? ते चोर म्हणवून घेईन म्हणाले, पण हे आपल्या तोंडानं नाही म्हणणार. त्याइले वाटलं होतं, तू बोलशीन. घरी येऊन मले म्हणे, नत्थूबाबू वाचता वाचता थांबला, आता बोलते का म्हणून मी पाहत होतो."

मले रडू आलं. धर्मपाल दुसरीकडं पाहाले लागला.

"मी काकाच्या पाया पडतो," मी म्हणलं. "माफी मांगतो."

"घरात येऊन माफी मांगू नको. त्याचं बाबा काय करतीन? गिट्टीवर पसरतीन का?" त्याचा आवाज चढला. "जिथी चोर ठरवलं तिथी सांग. चावडीपुढं. तुया मामा बसला पाहिजे, तेच पंच पाहिजेत."

"सोमवारी. बाजाराच्या दिवशी सारे राहतात."

"सांगशीन का मामीनं प्लग धुतले म्हणून?"

"सांगीन."

"ते त कोणीही सांगीन. हसतीन लोक, बाईमाणूस आहे, समजलं नाही तिले, झालं. काहून धुतले ते सांगशीन का?"

खालून नाल्याचं पाणी वाहत होतं. मामाचं घर, चूल, आंगण, सारं डोळ्यापुढून गेलं. मामीनं वाढलेलं तूपही.

"घरातून काढतीन तुले," धर्मपाल म्हणला. "मंग मायाकडं तोंड करून रडू नको. आत्ताच सांग, होत नाही म्हणून. मले राग नाही येणार."

"सोमवारी सांगतो, धर्मा," मी म्हणलं. "मीच काढून दिले ते सांगतो. धुतले ते सांगतो. आन् काहून धुतले तेही, मामीचे शब्द होते तसेच, मामाच्या तोंडाकडं पाहून सांगतो."